चोवीस तासांचा जमाखर्च

वेळेचा सदुपयोग या विषयावर एकदां तरी निबंध न लिहितां शाळेंतून बाहेर पडलेला मनुष्य महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. त्या निबंधांत काय लिहावयाचें हें लिहिणाऱ्याला व तपासणाऱ्याला दोघांनाही आधींच ठाऊक असतें. गेलेली वेळ परत येत नाहीं, हें वाक्य पहिल्या चार ओळींत आलें कीं उरलेलें काम हातवळणीनें होतें. शाळा सुटली तरी विषय सुटत नाहीं. मोठेपणीं तो कार्यक्षमता, उत्पादकता, सवयींचें शास्त्र अशीं भारदस्त नांवें धारण करून पुन्हां भेटतो. आज कोणत्याही पुस्तकांच्या दुकानांत शिरावें, तर या विषयावरील इंग्रजी ग्रंथ व त्यांचीं भाषांतरें यांनींच दर्शनी फळी व्यापलेली असते. कवितासंग्रह कोठें आहेत म्हणून विचारलें तर दुकानदार आंतल्या काळोखाकडे बोट दाखवितो. या सगळ्या ग्रंथसंभाराचा एक आजोबा आहे. सॅम्युएल स्माइल्सचा 'सेल्फ-हेल्प' (१८५९) त्याच्याही आधींचा. पण स्माइल्स थोरांचीं चरित्रें सांगतो, खिशांतून घड्याळ काढून दाखवीत नाहीं. घड्याळ दाखविणारा आजोबा म्हणजे आर्नोल्ड बेनेट. नातवांपेक्षां तो कोठें शहाणा होता आणि कोठें तोही फसला, हें पाहावें म्हणून हा लेख.

बेनेटचा जन्म १८६७ सालीं इंग्लंडांत, स्टॅफर्डशायरमधील कुंभारभट्ट्यांच्या धुरानें काळवंडलेल्या हॅन्ले गांवीं झाला. लंडनला येऊन त्यानें प्रथम वकिलाच्या कचेरींत कारकुनी केली. पुढें 'वुमन' नांवाच्या स्त्रियांच्या साप्ताहिकाचा तो संपादक झाला. नंतर पॅरिसला जाऊन राहिला आणि केवळ लेखणीवर जगूं लागला. कारकुनाचें जिणें त्यानें खुर्चींत बसून पाहिलें होतें, हें ध्यानांत ठेवणें जरूर आहे. 'हौ टु लिव्ह ऑन ट्वेंटी-फोर अवर्स अ डे' हें त्याचें बारा लहान प्रकरणांचें पुस्तक आधीं वृत्तपत्रांतील लेखांच्या रूपानें आलें आणि १९०८ मध्यें ग्रंथरूप पावलें. एका बैठकींत तें वाचून होतें. आणि वाचणारा त्याच रात्रीं गजर लावून निजतो, असा माझा व माझ्या कित्येक परिचितांचा अनुभव आहे.

पहिल्याच प्रकरणांत तो वाचकाला एक नवल दाखवितो. सकाळीं डोळे उघडावे तों प्रत्येकाच्या बटव्यांत चोवीस तासांची कोरी रक्कम भरलेली. ती कोणी चोरूं शकत नाहीं. तींतली उद्यांची रक्कम आज उचलतां येत नाहीं. प्रतिभावंताला बक्षीस म्हणून तास वाढवून मिळत नाहीं आणि उधळ्याला शिक्षा म्हणून कापलाही जात नाहीं. मग तो आपला कारकून पुढें आणतो. दहा ते सहा कचेरी. हे आठ तास म्हणजेच आपला दिवस, आणि बाकीचे सोळा म्हणजे त्या दिवसाचा अलीकडचा-पलीकडचा काठ, अशी या गृहस्थाची समजूत. बेनेट म्हणतो, समजूत उलटी कर. या सोळा तासांनाच एक स्वतंत्र दिवस समज. मात्र एवढें दांडगें प्रमेय मांडल्यावर तो मागतो किती? आठवड्यांतील सहा सकाळीं अर्धा अर्धा तास आणि तीन संध्याकाळीं दीड दीड तास. आठवड्याचे तास १६८, त्यांतले साडेसात. रविवार तर त्यानें मोकळाच सोडला आहे.

पुस्तकाची खरी गोडी या हिशेबांत नसून माणूस ओळखण्यांत आहे. घरीं येणारा कारकून थकलेला असतो, त्याला आणखी वाचन कसें झेपावें, हा आक्षेप बेनेट आधींच ओळखून आहे. तो विचारतो, एखाद्या सुंदर स्त्रीला घेऊन नाटकाला जावयाचें ठरलें असेल त्या संध्याकाळीं हा थकवा कोठें जातो? आणि मग त्या कारकुनाची रोजची संध्याकाळ तो अशी रेखाटतो कीं हंसूं आवरत नाहीं: थोडें खाणें, थोडी चिलीम, थोडे पत्ते, पुस्तकाशीं थोडी लगट, पियानोवरून हात फिरविणें, आणि सव्वाअकरा झाल्यावर निजावें कीं काय या विचारांत आणखी चाळीस मिनिटें. पियानोच्या जागीं रेडिओ घाला, दूरदर्शन घाला, हातांतला मोबाइल घाला; चित्राची एक रेषाही पुसावी लागत नाहीं.

सकाळच्या अर्ध्या तासांत तो वर्तमानपत्र हातांत घेऊं देत नाहीं. घरून स्टेशनाकडे निघतांना एक विषय मनांत धरावा व तो सोडूं नये, एवढेंच त्याचें सांगणें. मन गल्लीच्या टोकापर्यंतही टिकत नाहीं. कान धरून परत आणावें, पुन्हां पळालें तर पुन्हां आणावें. परतीच्या वाटेवर दिवसभर आपण कसें वागलों याचा विचार करावा. सोबतीला मार्कस ऑरेलियस किंवा एपिक्टेटस यांचें एखादें प्रकरण असावें. संध्याकाळच्या दीड तासासाठीं मात्र त्यानें एकच पाठ्यक्रम सर्वांवर लादलेला नाहीं, आणि येथें त्याचें मोठेपण दिसतें. वाङ्मयाची आवड नसेल तर संगीत कसें ऐकावें हें शिका. तेंही नको असेल तर आपल्या धंद्याचींच मुळें खणा. बँकेंतील कारकुनाला तो बॅजटचा 'लोंबार्ड स्ट्रीट' वाचावयास सांगतो. लंडनच्या शेपर्ड्स बुश भागांत घरभाडीं कां वाढलीं, हें दोन पेन्यांच्या भुयारी रेल्वेवरून ज्याला कळलें, त्यानें कार्यकारणभावाचा पहिला धडा गिरविलाच आहे. तोच धडा पुढें चालवा म्हणजे रोजचें निरस काम निरस राहत नाहीं, असें त्याचें म्हणणें. ठाण्या-डोंबिवलीकडे रेल्वेमागोमाग जागांचे भाव चढतांना ज्यांनीं पाहिले, त्यांना हा दाखला परका वाटणार नाहीं.

स्वतः कादंबरीकार असून त्यानें या दीड तासांतून कादंबरीला हद्दपार केलें, हीही मौजेची गोष्ट. चांगली कादंबरी वाचकाला ओढून नेते, तेथें मनाला व्यायाम घडत नाहीं, हें त्याचें कारण. वाईट कादंबरीचा प्रश्नच नको. व्यायाम हवा तर कविता वाचा, असा त्याचा निकाल आहे. कवितेची भीति वाटणाऱ्यांसाठीं त्यानें एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग हिचें 'ऑरोरा ली' हें काव्य नेमून दिलें आहे. शिवाय नव्वद मिनिटांपैकीं निदान पंचेचाळीस मिनिटें वाचलेल्याचा विचार करण्यांत न घालविलीं तर सगळा खटाटोप बहुतेक व्यर्थ, ही पुस्ती. किती पानें झालीं, हें तो विचारीतच नाहीं.

येथेंच आजोबा व नातू यांची फारकत होते. बेनेटला कारकुनाकडून जास्त काम करून घ्यावयाचें नव्हतें. कामाच्या कचाट्यांतून सोळा तास सोडवून आणून ते त्याच्या स्वतःच्या स्वाधीन करावयाचे होते. आजच्या ग्रंथांतले उपाय पुष्कळसे बेनेटचेच आहेत: पहाट, यादी, लहान आरंभ, एका वेळीं एक काम. पण त्या उपायांनीं वांचलेला वेळ जातो कोठें, हें पाहिलें तर बहुधा कचेरीच्याच पदरांत. टपाल लवकर उरकावें, कां? तर आणखी टपाल उरकतां यावें. घरीं परतल्यावरही हातांतल्या यंत्रांतून साहेब बोलत असतो, आणि त्याला उत्तर चटकन् कसें द्यावें हें शिकविणाऱ्या पुस्तकाला आपण जीवन सुधारणारें पुस्तक म्हणतों. बेनेटनें ज्या सोळा तासांना दिवस म्हटलें, ते पुन्हां त्या आठांचा काठ झाले आहेत; काठावरही आतां कारकुनी चालते. ऑरेलियस तर गेलाच, 'ऑरोरा ली' आठवण्याचें कारणच उरलें नाहीं.

बेनेटच्या शहाणपणाचा आणखी एक पुरावा त्याच्या शेवटच्या प्रकरणांत आहे. वेळेचा हिशेब ठेवूं लागलेला मनुष्य लौकरच इतरांना तुच्छ लेखूं लागतो व घरादाराला असह्य होतो, हें त्यानें स्पष्ट बजावलें आहे. वेळापत्रकाचा दास होऊं नये, घाई करूं नये, आरंभींच फजिती होईल एवढें मोठें ओझें उचलूं नये, हेही इशारे आहेतच. बेंजामिन फ्रँकलिननें तेरा सद्‍गुणांची वही करून चुकलेल्या दिवशीं काळा ठिपका देण्याचा क्रम आरंभिला होता. त्यांतला व्यवस्थितपणाचा सद्‍गुण आपल्याला सर्वांत जड गेला, हें त्यानेंच आत्मचरित्रांत कबूल केलें आहे. बेनेट ठिपके मागत नाहीं.

इतकी स्तुति केल्यावर दोष सांगावयास हरकत नाहीं. तो दोष पुस्तकाच्या मध्यभागीं सांपडत नाहीं, प्रस्तावनेंत आहे. पुस्तकावर पुष्कळ पत्रें आलीं, तेव्हां बेनेटनें मागाहून ही प्रस्तावना लिहिली. कचेरींतील काम मनापासून करणारेही लोक असतात, अशी तक्रार त्या पत्रांतून आली होती. ती त्यानें मोकळेपणानें मान्य केली आणि अशा लोकांना संध्याकाळऐवजीं पहाट सुचविली. पण पहाटें उठावें तर चहाचें काय? त्यासाठीं त्यानें एक युक्ति सांगितली आहे, आणि ती इतक्या बारकाईनें कीं तेवढ्या पानावर कादंबरीकार जागा झालेला दिसतो. रात्रींच एका तबकांत दोन बिस्किटें, कपबशी, काड्यांची पेटी व स्पिरिटचा दिवा मांडून ठेवावा. दिव्यावर पातेली, पातेलीवर उलटें झांकण, झांकणावर चिमूटभर पत्ती घातलेली लहानशी किटली. पहाटें उठावें, काडी ओढावी. तीन मिनिटांत आधण. एवढ्याशा सोयीवर साऱ्या आयुष्याची घडी अवलंबून असूं शकते, असा त्याचा भावार्थ. आतां हें तबक मांडावयाचें कोणीं? मोलकरणीनें. न्यायाचें बोलावयाचें तर पहाटें तिच्यावर अवलंबून राहावें लागूं नये म्हणूनच त्यानें ही युक्ति काढली. तरी मांडणारे हात तिचेच.

हें पुस्तक मला १९७४ सालीं मुंबईस फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगांत मिळालें. मी नुकताच एका कचेरींत लागलों होतों. डोंबिवलीस एका चाळींत दोन खोल्यांत आम्ही सहा माणसें राहत होतों. बेनेटचा कारकून तो मीच, याविषयीं मला तिळभरही शंका वाटली नाहीं. आमच्याकडे मोलकरीण नव्हती. तेव्हां रात्रीं सगळीं निजल्यावर मींच स्टोव्हापाशीं पातेलें, कप, चहाचा डबा आणि काड्यांची पेटी नीट ओळीनें मांडून ठेविली व साडेचारचा गजर लावला. उठलों तों स्टोव्ह पेटलेला होता. नळाला पाणी चारला येई. आई तें भरून होऊन डब्यासाठीं कणीक मळावयास बसली होती. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "उठलास? बरं केलंस रे सगळं हाताशीं मांडून ठेवलंस. काळोखांत काड्यापेटी सांपडत नाहीं मला." मीं तें तिच्यासाठींच मांडलें, असें तिला वाटलें होतें. मी कांहीं बोललों नाहीं. तिनें दिलेला चहा घेतला आणि दिव्याखालीं ऑरेलियस उघडून बसलों. हा क्रम चारएक महिने टिकला. तेवढ्यांत नातेवाइकांत माझें शिस्तीचा मुलगा म्हणून नांव झालें. आई कित्येक वर्षें चारला उठत होती; तिला कोणी शिस्तीची म्हटल्याचें मला आठवत नाहीं.

ही हकीकत बेनेटवर ठपका ठेवण्यासाठीं सांगितली नाहीं. मी मूर्ख होतों याचा दोष त्याच्याकडे जात नाहीं. पण त्याच्या हिशेबांतली चूक मला त्या स्टोव्हापाशीं दिसली, ती पुढें कोणत्याही टीकाग्रंथांत इतकी स्पष्ट दिसली नाहीं. प्रत्येकाच्या बटव्यांत सारखेच चोवीस तास, हें त्याचें पहिलें गृहीतकृत्य. म्हणजे वेळ ही ज्याची त्याची स्वकष्टार्जित मिळकत. वस्तुतः घरांत ती अविभक्त कुटुंबाची मिळकत असते. एकानें तींतून दीड तास उचलला कीं तो कोणाच्या तरी हिश्शांतून जातो, आणि ज्याच्या हिश्शांतून जातो त्याला खतावर सही करावयास कोणी बोलावीत नाहीं. कोणी म्हणेल, बेनेटनें ते तास पत्त्यांतून व चिलमींतून काढले, कोणाच्या श्रमांतून नव्हे. खरें आहे. पण ते पत्ते व ती चिलीम यांना तरी फुरसत कोठून आली? कारकून घरीं येतो तेव्हां जेवण तयार असतें. तें कोणाच्या सोळा तासांतून तयार झालें, याची नोंद बारा प्रकरणांत नाहीं. आणि हा मनुष्य कांहीं वर्षें स्त्रियांच्या साप्ताहिकाचा संपादक होता!

दासबोधाच्या अकराव्या दशकांतील तिसऱ्या समासांत समर्थांनींही दिनक्रम घालून दिला आहे. पहाटें उठणें, पाठांतर, स्नानपूजा, मग संसाराचा धंदा; बाहेर गेलेल्यानें परततांना रिकाम्या हातांनीं येऊं नये, इतक्या बारीक सूचना तेथें आहेत, आणि क्षण फुकट न घालविणें हें भाग्यवंताचें लक्षण मानलें आहे. शिस्तीच्या बाबतींत समर्थ बेनेटहून कडक. साडेसात तासांवर त्यांचें भागत नाहीं, त्यांना सबंध दिवस हवा. परंतु भोंवतालच्या सर्व लोकांना गोड शब्दांनीं राजी राखणें हेंही त्याच दिनक्रमांतलें एक काम म्हणून त्यांनीं सांगितलें आहे. समर्थांच्या वेळापत्रकांतही स्वयंपाकघर दिसत नाहीं, हें कबूल; तरी त्यांत दुसरीं माणसें आहेत. बेनेटचा कारकून मात्र भर लंडनांत राहून एकटा आहे.

हें सगळें बेनेटला कळत नव्हतें असें म्हणावें, तर त्याच १९०८ सालीं प्रसिद्ध झालेली त्याची 'दि ओल्ड वाइव्ह्ज टेल' ही कादंबरी आडवी येते. पॅरिसच्या एका खाणावळींत १९०३ मध्यें त्यानें एक लठ्ठ, विक्षिप्त म्हातारी पाहिली. तिच्या हातांतल्या पुड्या एकसारख्या खालीं पडत होत्या व सगळे तिला हंसत होते. हीही कधीं तरुण होती, हा विचार त्याला तेथें सुचला, आणि त्यांतून कॉन्स्टन्स व सोफिया या दोन बहिणींची ती विस्तृत कथा जन्मली. एक बापाच्या कापडाच्या दुकानांत जन्म काढते, दुसरी प्रियकराबरोबर पळून जाऊन पॅरिसमध्यें टाकून दिली जाते. दोघीही वेळ वायां घालविणाऱ्या नव्हेत. सोफियानें पॅरिसच्या वेढ्याच्या काळांतही भाडेकरू ठेवून पैशाला पैसा जोडला. तिच्याइतका चोख जमाखर्च बेनेटच्या कारकुनाला सात जन्मांत जमला नसता. पुढें म्हातारपणीं, ज्यानें आपल्याला टाकलें त्या नवऱ्याच्या प्रेतापाशीं ती उभी राहते. राग येत नाहीं, प्रेम उचंबळत नाहीं. हा तरुण होता, म्हातारा झाला, मेला. एवढेंच तिला दिसतें, आणि तें तिला सोसवत नाहीं. त्यानंतर तीही फार वेळ जगत नाहीं.

हीं दोन पुस्तकें एकाच माणसानें लिहिलीं, हें मला फार दिवस पटत नसे. एकांत वेळ बटव्यांत आहे, दुसऱ्यांत माणसें वेळेच्या बटव्यांत आहेत. १९०८ संपतांना बेनेटनें रोजनिशींत त्या वर्षाच्या लिखाणाची बेरीज मांडली: ४,२३,५०० शब्द. सोफियाचे शब्द आणि वृत्तपत्री लेखांचे शब्द त्यानें एकाच रकान्यांत मिळविले. व्हर्जिनिया वुल्फ हिनें १९२४ मध्यें बेनेटवर टीका केली ती अशी कीं, तो घरांचें व त्यांच्या भाड्याचें वर्णन करीत बसतो आणि घरांतला माणूस निसटून जातो. कादंबरीपुरता हा आक्षेप मला अन्यायाचा वाटतो. कॉन्स्टन्स व सोफिया कोठेंही निसटलेल्या नाहींत. पण तोच आक्षेप चोवीस तासांच्या पुस्तकाला लावून पाहावा, तर बरोबर बसतो. कादंबरी लिहितांना ज्या बायकांकडे त्यानें इतकें टक लावून पाहिलें, त्यांतलीच एखादी रात्रीं तबक मांडून जाते, आणि तिच्याकडे पाहावयास उपदेशकाला फुरसत नाहीं.

तरीही पुस्तक वाचावें. आजच्या जाडजूड ग्रंथांहून तें लहान आहे, विनोदी आहे, वाचकाला लांबलचक यशाचीं आमिषें दाखवीत नाहीं, आणि कवितेला औषध म्हणून कां होईना, ताटांत वाढतें. बेनेट १९३१ मध्यें विषमज्वरानें वारला. पुस्तकावर कोणाची मालकी आतां उरलेली नाहीं, त्यामुळें तें फुकट मिळतें. कोणी तें मराठींत आणूं म्हणेल, तर त्याला माझी एकच सूचना आहे. लंडनच्या रेल्वेचे व जुन्या भाड्यांचे उल्लेख कंटाळवाणे वाटून तो कदाचित् गाळील, तें चालेल. प्रस्तावना गाळूं नये. तें तबक तेथें आहे.